घर-अंगण : उतारावरचं गवत आणि बसून चालवायचं यंत्र



मिक्सर कोणता घ्यावा, शिलाईचं मशीन पायाचं घ्यावं की विजेचं, अशा प्रश्नांची पत्रं या सदराकडे नेहमीच येतात. या खेपेला मात्र चिपळूणकडच्या एका भगिनींनी असं यंत्र विचारलं आहे, की ते स्वैपाकघरात तर नाहीच, पण पडवीत तरी मावेल की नाही शंकाच आहे!

त्या लिहितात, ‘सासऱ्यांनी ठेवलेली सहा एकर जागा डोंगरउतारावर आहे. वरच्या अंगाला काजू, खाली हापूस आणि घरापुढे थोडं मोकळं सपाट. यजमान बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघंच इथे राहायला आलो. पावसाळा सरला की गवत कमरेइतकं वाढतं. कापायला माणसं मिळत नाहीत. मिळाली तर चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी फिरकत नाहीत. 2024 च्या फेब्रुवारीत वरच्या डोंगरावरून वणवा उतरला आणि काजूची चाळीस झाडं गेली. मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या घराभोवती मोठं आवार आहे, तिथलं गवत तो छोट्या ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर बसून तासाभरात कापतो. तो म्हणतो, आई, पैसे मी पाठवतो, एकदाच काय ते चांगलं टिकाऊ यंत्र घ्या. यजमानांच्याही ते मनात भरलं आहे. त्यांचं वय सदुसष्ट. मला मात्र धीर होत नाही. काय करावं?’

ताई, धीर होत नाही असं आपण लिहिलंत, तिथेच निम्मं उत्तर आलं. उरलेलं निम्मं आज सविस्तर लिहिते. डोंगरकुशीत जागा घेतलेल्या किंवा सासरची जागा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या पुष्कळजणी आहेत. त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आमच्या घरची गोष्ट

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, बरं का! आमची जागा संगमेश्वर तालुक्यात आहे, तीही अशीच उताराची. 2016 साली एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान विक्रीला निघालं, त्यात असं बसून चालवायचं यंत्र होतं. लाल रंग, गुबगुबीत सीट, मोटारीसारखं चाक. आमच्या ह्यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी टेंपोत घालून घरी आणलं. मी किंमत विचारली तर म्हणाले, ‘नव्याच्या पावपट पडलं!’

गणपती उरकले आणि हे यंत्र घेऊन वरच्या बागेत गेले. सकाळची वेळ, गवत दवाने ओलं. मी आत नाश्त्याचे पोहे परतत होते. बराच वेळ यंत्राचा आवाज येत होता आणि एकदम थांबला. लोखंड दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला. मी उलथनं हातात तसंच घेऊन धावत गेले. यंत्र घसरत जाऊन खालच्या गडग्यावर उलटं पडलं होतं. हे मात्र वेळीच वरच्या अंगाला उडी टाकल्यामुळे वाचले होते. गळ्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात बांधून बसले. उडी खालच्या अंगाला पडली असती तर काय झालं असतं, ते मी आजही मनात आणत नाही.

यंत्रात खोट नव्हती. इंजिन उत्तम होतं, पाती धारदार होती. चूक एकच झाली होती. आम्ही यंत्र पाहिलं, पण आपली जमीन पाहिली नाही.

आधी उतार मोजा, मग किंमत विचारा

गवत कापायचं पहिलं यंत्र 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने केलं. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटायचं यंत्र असे, त्यावरून त्याला ते सुचलं. म्हणजे हे यंत्र मुळात हिरवळीचा गालिचा एकसारखा छाटण्यासाठी जन्माला आलं. पुढे त्याला इंजिन आलं, बसायला जागा आली, पण स्वभाव तोच राहिला. साफ केलेली जमीन, वीतभर गवत आणि बेताचा उतार, एवढं त्याला मानवतं.

बेताचा म्हणजे किती? बसून चालवायच्या बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत 15 अंशांहून जास्त उतारावर नेऊ नका असं छापलेलं असतं. काहींत तर 10 अंशच. आता अंश कसे मोजायचे म्हणून घाबरू नका. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या. तिचं एक टोक उतारावर टेकवा आणि दुसरं टोक उतरत्या बाजूला हवेत धरा. फळीवर गवंड्याची पाणसळ ठेवून ती अगदी समपातळीत आणा. मग हवेतल्या टोकापासून सरळ खाली जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते 18 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर उतार 10 अंश. 27 सेंटिमीटर भरलं तर 15 अंश. त्याहून जास्त असेल तर त्या जागी बसून चालवायचं यंत्र नेण्याचा विचार सोडून द्यावा.

हे माप एकाच ठिकाणी घेऊ नका. दहा ठिकाणी घ्या आणि सर्वांत तीव्र जागेचं माप धरा. साखळी तिच्या कच्च्या कडीवरच तुटते आणि यंत्रही सर्वांत तीव्र जागीच उलटतं. आम्ही मागाहून मोजलं, तर ह्यांचं यंत्र घसरलं तिथे 34 सेंटिमीटर भरले!

मोजून झाल्यावर काय दिसतं?

ताई, आपल्या पत्रावरून माझा अंदाज असा, की आपल्या सहा एकरांचे तीन भाग पडतील. घरापुढचं सपाट हा एक. हापुसाचा मध्यम उतार हा दुसरा. तिथे झाडांची आळी, जांभ्या दगडांची डोकी आणि मधे गडगे असणार. तिसरा भाग वरच्या काजूचा, तीव्र उताराचा.

बसून चालवायचं यंत्र यांतल्या पहिल्या भागात चालेल. दुसऱ्या भागात दगड आणि आळी त्याला चालू देणार नाहीत. तिसऱ्या भागात तर ते नेणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि आता विचार करा, वणवा कुठून आला होता? वरून, काजूच्या अंगाने! म्हणजे लाखांत पैसे घालून आपण घरापुढचं अंगण सुबक करणार, आणि आग जिथून आत शिरते तिथलं गवत मात्र उभंच राहणार. दाराला भारी कुलूप लावावं आणि मागची खिडकी उघडी टाकावी, तशातली ही गत.

चिरंजीवांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या आवारात जमीन साफ असेल, दर आठवड्याला गवत छाटलं जात असेल. तिथे ते यंत्र शोभतं. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, आत पाय ठेवता येत नाही, आणि मग कमरेइतकं गवत एकदम पुढ्यात उभं राहतं. असं गवत त्या यंत्राच्या पात्यांत गुंडाळतं, पट्टा घसरतो आणि इंजिन गुदमरतं.

ज्यांची जमीन बेताच्या उताराची आहे त्यांच्यासाठी

सगळ्यांच्याच जागा काही कोकणातल्या नसतात. कुणाचं मावळात बेताच्या उताराचं फार्महाउस असेल, कुणाची शाळा किंवा मंगल कार्यालय असेल, मोठी हिरवळ राखायची असेल. त्यांना बसून चालवायचं यंत्र खरोखरच उपयोगी आहे. पण टिकाऊ कशाला म्हणायचं ते समजून घ्या. मिक्सर घेताना आपण नुसते वॅट पाहत नाही, भांड्याचा पत्रा आणि जवळपास दुरुस्ती कुठे होते तेही पाहतो. तसंच इथे नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नका.

1. पात्यांवरचं झाकण ठोकून पाहा. एकाच पातळ पत्र्याला दाबून आकार दिलेला असतो तो हलका. जाड पत्रे जोडून वेल्डिंग केलेलं झाकण जास्त वर्षं टिकतं. दमट हवेत पातळ पत्रा आतून लवकर गंजतो.

2. पुढचा आस ओतीव लोखंडाचा आहे का ते विचारा. खाचखळग्यांचे सगळे धक्के तोच सोसतो.

3. इंजिनात तेल पंपाने फिरतं का आणि तेलाचा फिल्टर आहे का, हे जरूर विचारा. साध्या इंजिनात तेल नुसतं उडवलं जातं. यंत्र तिरकं झालं की एका बाजूचे भाग कोरडे पडण्याचा धोका असतो.

4. चढावर सर्वांत जास्त ताण चाकांना गती देणाऱ्या पेटीवर येतो. क्लचऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक पेटी चढउताराला सोयीची. पण तिच्यातही दोन जाती आहेत. हलकी पेटी कायमची बंद असते, तिचं तेल सहसा बदलता येत नाही. भारी पेटीचं तेल आणि फिल्टर बदलता येतो. उतार असेल तर भारीच घ्यावी.

5. पाती फिरवणाऱ्या दांड्यांना ग्रीस भरायची निप्पल असावी. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर बेअरिंग टिकतात.

6. दोन दांड्यांनी वळवायची, जागच्या जागी गिरकी घेणारी यंत्रं दिसायला झोकदार असतात. त्यांची पुढची चाकं खुर्चीच्या चाकांसारखी नुसती फिरती असतात आणि वळणं सगळं मागच्या चाकांवर अवलंबून असतं. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की वळवणंही गेलं! सपाटीवर खुशाल घ्या, उतारासाठी नको.

7. उलटल्यावर माणूस चेंगरू नये म्हणून सीटमागे लोखंडी कमान असते. असं यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावं, आणि कमान असेल तर पट्टाही बांधावा. पट्टा न बांधता कमानीचा उपयोग नाही.

8. सर्वांत शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पट्टे, पाती, फिल्टर आपल्या जिल्ह्याच्या गावी मिळतात का? दुकानदाराला तोंडी विचारू नका, सुटा भाग काढून दाखवायला सांगा. भाग मिळत नसेल तर कितीही टिकाऊ यंत्र पहिल्याच पावसाळ्यानंतर अडगळ होतं.

चालवण्याचीही रीत आहे. बसून चालवायचं यंत्र उतारावर सरळ वर-खाली न्यावं, आडवं नेऊ नये. (आमचे हे नेमके आडवे गेले होते!) गवत ओलं असेल तर न्यायचंच नाही. उतारावर एकदम थांबू नये, झटक्यात वळू नये, गडग्याच्या आणि चराच्या काठाला जाऊ नये. मागे गवताची पिशवी भरली की तोल बदलतो, हे ध्यानात ठेवावं. शंका असेल तर उताराच्या पायथ्याशी यंत्र उलटं, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवून पाहावं. उलटं चढत नसेल तर तो उतार त्याचा नव्हे. आणि नातवंडांना हौसेने मांडीवर घेऊन कधीही, अगदी एक फेरीसुद्धा, मारू नये.

मग उतारावर काय घ्यावं?

ताई, आपल्यासाठी माझा सल्ला असा. बसून चालवायच्या एका यंत्राच्या पैशांत खांद्याला अडकवायची किंवा पाठीवर घ्यायची दोन चांगली ब्रश कटर यंत्रं येतील आणि वर मजुरीलाही पैसे उरतील. बागाईतदार मंडळी यालाच ग्रास कटर म्हणतात. माणूस जिथे पाय रोवून उभा राहू शकतो तिथे हे यंत्र जातं. उतारावर पाठीवर घ्यायचं बरं, कारण ओझं दोन्ही खांद्यांवर सारखं पडतं.

त्यात दोन स्ट्रोकचं आणि चार स्ट्रोकचं असे प्रकार येतात. दोन स्ट्रोकचं बहुधा वजनाला हलकं, पण त्याला पेट्रोलमध्ये 2टी तेल मिसळावं लागतं. प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर. हे अंदाजाने ओतू नये. औषधाचं माप असतं तसं माप ठेवावं. कुणी विसरून नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होऊन इंजिनच जातं. चार स्ट्रोकला तेल वेगळं घालायचं, त्यामुळे ही चूक होत नाही आणि धूरही कमी. यंत्र निरनिराळ्या हातांत जाणार असेल तर चार स्ट्रोक बरं.

उंच जाड गवताला दोन किंवा तीन दातांचं लोखंडी पातं लावावं. गडग्याजवळ आणि दगडांत नायलॉनची दोरी लावावी, कारण लोखंडी पातं दगडाला लागलं की यंत्र झटका मारतं. झाडाच्या बुंध्यापाशी मात्र दोरीही नको, साल सोलली जाते. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्यानेच साफ करावी. कापताना उताराला आडवं, एका पातळीत चालावं.

अंगरक्षणात काटकसर नको. तोंडावर जाळी किंवा काच, कानाला बंदिस्ती, जाड बूट, पायघोळ जाड विजार. यंत्र चालू असताना 15 मीटरच्या आत कुणी फिरकू नये. चहा घेऊन जायचं झालं तरी लांबून हाक मारावी, इंजिन बंद झाल्यावरच पुढे जावं. खडा गोळीसारखा उडतो. आणि सलग तासन्‌तास चालवू नये. हादऱ्यांनी बोटांना मुंग्या येतात. ते दुर्लक्ष करण्यासारखं दुखणं नाही.

सदुसष्टाव्या वर्षी यजमानांनी स्वतः दिवसभर हे पाठीवर वागवावं असं मी म्हणणार नाही. यंत्र आपलं आणि चालवणारा गावातला माहीतगार तरुण, असा रोजाचा करार करावा. विळ्याने जे काम चार माणसांचं, ते एका माणसाने होतं. मग चौथ्या दिवशी माणसं आली नाहीत तरी आपण अडत नाही.

कामाचा क्रम

गवत पिवळं पडून वाळायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला पहिली कापणी उरकावी. सुरुवात घरापुढून करू नये, वरच्या हद्दीपासून करावी. हद्दीलगत दोन-तीन माणसं आडवी झोपतील एवढा पट्टा अगदी मातीपर्यंत साफ करावा. वनखात्याची मंडळी ज्याला जाळरेषा म्हणतात ती हीच. कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवलं तर केलेलं काम फुकट. त्याचे भारे बांधून गुरंवाल्यांना द्यावेत किंवा बागेच्या आतल्या भागात आळ्यांत अंथरावेत. जानेवारीच्या अखेरीस पट्ट्यावरून पुन्हा एक हात फिरवावा.

हंगाम संपला की यंत्र तसंच कोपऱ्यात टाकू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदतो. म्हणून टाकी रिकामी करावी, आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवावं, हवेचा फिल्टर धुऊन वाळवावा, पात्याला तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र कोरड्या जागी टांगून ठेवावं. पितळी समया आपण जशा घासूनपुसून ठेवतो, तसं.

एक पैशाची गोष्ट. शेतीच्या अवजारांना सरकारी अनुदान मिळतं, त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. लहान शेतकरी आणि स्त्रिया यांना त्यात टक्केवारी अधिक आहे. पण क्रम लक्षात ठेवा. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. आधी घेऊन मागाहून पावती दाखवली तर उपयोग होत नाही. सातबारावर आपलं नाव लागलं आहे ना, हेही या निमित्ताने पाहून घ्या, ताई. पुष्कळजणी जन्मभर जागेत राबतात आणि नाव मात्र कुठेच नसतं.

आणि घरात सांगायचं कसं?

हा खरा अवघड भाग! ‘तुम्हांला आता जमायचं नाही’ असं चुकूनही म्हणू नका. पुरुषमाणसाला ते लागतं, आणि मग ते हट्टाला पेटतात. त्यापेक्षा फळी, पाणसळ आणि टेप हातात द्या आणि म्हणा, ‘चला, आपण दोघं मिळून उतार मोजू.’ दहा ठिकाणचे आकडे वहीत लिहा. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला आकडा जेवढा पटतो तेवढं दुसरं काही पटत नाही. तेच पान मुलालाही फोनवर पाठवा. तो समजूतदार आहे, त्याला आई-वडिलांची काळजी आहे म्हणूनच तो पैसे पाठवतो आहे.

आमच्या घरातलं ते लाल यंत्र आम्ही 2017 साली एका शाळेला देऊन टाकलं. तिचं मैदान सपाट आहे, तिथे ते छान चाललं. ह्यांचं हाडही चांगलं जुळलं, फक्त पावसाळी हवेत अजून ठणकतं. त्या दिवशी मग हे स्वतःच म्हणतात, ‘उतार मोजायला हवा होता.’

ताई, आपली काजूची नवी रोपं जगोत, वाढोत. मोजमाप झाल्यावर तीव्र जागेचा आकडा मला जरूर कळवा.

पुढच्या अंकी : पावसाळ्यानंतर कपाटातला कुबट वास कसा घालवावा.